टोकन डिस्प्लेच्या आधी तीन दिवसांचा तक्ता

गंगापूर रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, दवाखान्यातून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: 'टोकन डिस्प्ले कधी बसवून देता?' बसवायला अर्धा दिवस पुरतो. पण त्याआधी आम्ही पेशंटच्या येण्या-जाण्याच्या वेळांचा तीन दिवसांचा तक्ता भरून मागतो आणि तिथेच आठवडा जातो. हे पत्रक डॉक्टरांनी वाचून रिसेप्शनवर ठेवावं.

तक्ता कशाला, ते आधी. डिस्प्लेवर नंबर दिसला म्हणून बाकावर बसायचा वेळ कमी होत नाही. समजा ओपीडी १० ते १, म्हणजे १८० मिनिटं. नवे पेशंट १०, प्रत्येकी १२ मिनिटं. जुने २४, प्रत्येकी ५ मिनिटं. बेरीज २४० मिनिटं. एक तासाचं काम जास्तीचं आहे आणि सगळ्यांना 'दहाला या' सांगितलेलं असलं, तर शेवटचा माणूस जवळजवळ चार तास बसतो. हे आकडे हातात नसताना लावलेला डिस्प्ले ते चार तास फक्त मोजून दाखवतो.

तक्त्यात रकाने चारच: कधी आला, कधी आत गेला, कधी बाहेर आला आणि कशासाठी आला (नवा, जुना की नुसता रिपोर्ट दाखवायला).

घोळ होतो तो एकाच ठिकाणी. ओपीडी संपल्यावर, दुपारी, सगळा तक्ता आठवून भरला जातो. असा कागद बघताक्षणी ओळखू येतो: १०:१५, १०:२०, १०:३०, सगळ्या वेळा शून्यावर नाहीतर पाचावर संपलेल्या. खऱ्या नोंदीत १०:१३ येतं, १०:२२ येतं. आठवून भरलेल्या तक्त्यात प्रत्येक पेशंट पाच मिनिटांचा होतो. मधेच करावं लागलेलं ड्रेसिंग, आत येऊन गेलेला औषध कंपनीचा एमआर, आजोबांच्या मुलाला ऑपरेशन समजावून सांगण्यात गेलेला वेळ, यातलं काहीच कागदावर उरत नाही. त्यावरून पेशंटना द्यायच्या वेळा बांधल्या की पहिल्याच सोमवारी अकराच्या सुमारास सगळं तुंबतं आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.

यात रिसेप्शनवरच्या ताईंचा दोष नाही. फोन, फाइल आणि पैसे त्यांना एकदमच सांभाळायचे असतात. त्यांनी फक्त आल्याची वेळ लिहावी. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ दाराशी असणाऱ्या मावशींनी किंवा वॉर्डबॉयने, त्याच क्षणी. पेन पॅडला दोरीने बांधून ठेवा. आणि सगळ्यांनी घड्याळ एकच बघा. आल्याची वेळ भिंतीवरच्या पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळावर आणि आत गेल्याची मोबाइलवर लिहिली, की पेशंट यायच्या आधीच आत गेलेला दिसतो. दिवस निवडताना सोमवार आणि शनिवार घ्याच. तिसरा मधला वार. पंचवटी, रविवार कारंजा भागात तो बुधवार असू द्या, कारण बाजारामुळे येण्याच्या वेळा बदलतात.

तक्ता नीट आला की पुढचं काम सोपं आहे. ओपीडी उघडताना दोन पेशंट बोलवायचे, मग सरासरी तपासणीच्या अंतराने एकेक. वेल्च आणि बेली यांनी १९५२ साली ब्रिटनमधल्या ओपीडींसाठी सुचवलेली ही पद्धत आहे. पहिला उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. अट एकच: डॉक्टरांनी वेळेवर बसायचं. राउंड लांबून सुरुवातीलाच वीस मिनिटं गेली, तर ती पुढे प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

सुरगाण्याहून, पेठहून एसटीने येणाऱ्याला पावणेबाराची वेळ देऊन उपयोग नसतो. तो गाडी मिळेल तसा येतो आणि परतीच्या गाडीकडे त्याचं लक्ष असतं. त्यांच्यासाठी आम्ही तासाला दोन जागा मोकळ्या धरतो. रिपोर्टवाल्यांना तासाची शेवटची १० मिनिटं. दाराशी होणारी वादावादी यानेच बरीच थांबते.

नंबरही दोन ओळींत द्या, न-१, न-२ आणि जु-१, जु-२. आकडे लहान राहतात. 'एकोणतीस' पुकारल्यावर एकोणचाळीसवाल्या आजी उठून दारापर्यंत येतात आणि परत फिरतात, ते टळतं.

दवाखान्यातले बोर्डही आम्ही करून देतो, त्यांच्याबद्दल थोडंसं. दर ३ मीटर अंतराला २५ मिमी अक्षर धरा. ६ मीटरच्या पॅसेजच्या टोकाला ५० मिमी. उंची शिरोरेषेपासून खाली मोजा आणि वेलांटी-मात्रेसाठी वर वेगळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. शब्द लोकांच्या तोंडचे हवेत: 'रोखपाल' नको, 'पैसे येथे भरा'. 'क्ष-किरण' नको, 'एक्स-रे'. बाण दारावर लावून काय उपयोग, पॅसेज फुटतो तिथे लावा. सोनोग्राफीचा गर्भलिंगनिदानाबद्दलचा बोर्ड मात्र कायद्याचा आहे, त्याचा मजकूर आम्ही बदलून देत नाही. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणंही नर्सिंग होमना बंधनकारक आहे. दोन्ही एकाच मापात करून मिळतात.

'एवढ्याशा यंत्रासाठी तीन दिवस?' असं विचारलं जातं. तक्ता बघून काही जणांना आम्ही डिस्प्ले घेऊच नका म्हणतो. रोजचे पेशंट विसाच्या आत असले, तर खडूचा फळा आणि बांधलेल्या वेळा पुरतात. वेळा आम्ही तेव्हाही बांधून देतो.

कोरे तक्ते फुकट मिळतात. पेशंटचं नाव लिहू नका, टोकन नंबर पुरे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, खाडाखोड असली तरी चालेल. स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवून काढू नका.