खुब्याची दुखापत, मेलेले हाड आणि कुबड्या

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. त्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला, म्हणजे गोलाखालच्या अरुंद भागाला, चिकटून वर जातात. ही मान मोडून सरकली किंवा खुबा निखळला की त्या तुटतात किंवा पिळवटतात. रक्त पूर्ण थांबले तर हाडातल्या पेशी एक-दोन दिवसांत मरतात. निखळलेला खुबा 6 तासांच्या आत बसवायची घाई असते ती यासाठी. रक्त न मिळाल्याने हाड मरण्याच्या या आजाराला डॉक्टर ‘एव्हीएन’ (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) म्हणतात. मनगटातले स्कॅफॉइड आणि घोट्यातले टॅलस या हाडांनाही हा धोका असतो.

मेलेले हाड लगेच ढासळत नाही. शरीर तिथे नव्या रक्तवाहिन्या पाठवते, जुने हाड काढते, नवे भरते. पण काढणे पुढे आणि भरणे मागे पडते. मधल्या काळात कूर्चेखालचे (सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाखालचे) हाड पोकळ होते, वजनाने चिरते आणि गोल ढासळतो. त्यामुळे त्रास काही महिन्यांनी, कधी दोन वर्षांनीही सुरू होतो. तोवर फ्रॅक्चर जुळलेले असते आणि कुबड्या माळ्यावर गेलेल्या असतात.

जांघेत दुखणे, पाय आत वळवताना अडणे, कधी नुसताच गुडघा दुखणे ही लक्षणे. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, त्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. आत स्क्रू असल्यास ऑपरेशनचे कागद न्या, धातू कोणता ते तपासणाऱ्यांना कळायला हवे. गोल ढासळण्याआधी हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचा उपाय असतो. ढासळल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो.

कुबड्यांनी रक्तपुरवठा परत येत नाही, हे त्या विकणाऱ्यांनीच सांगितलेले बरे. त्या खुब्यावरचा भार आणि वेदना कमी करतात. पायावर किती वजन द्यायचे आणि कुबड्या कधी सोडायच्या, हे डॉक्टरच ठरवतील.

कुबडीची उंची घालायच्या चपला-बुटांसह उभे राहून लावा. वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटे खाली, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर किंचित वाकलेले. भार तळहातांवर घ्या. काखेत लटकलात तर नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. पुढे एकच काठी वापराल तेव्हा ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरा. रबरी बुचाची नक्षी झिजली की बूच लगेच बदलून घ्या.