ट्रेलरवरची शिडाची होडी

मोटारीमागे ट्रेलरवर बांधून नेता येणारी आणि काठावर दोन माणसांना अर्ध्या-पाऊण तासात उभी करता येणारी, साधारण चार-पाच मीटर लांबीची शिडाची होडी. तिला धक्का किंवा बंदर लागत नाही. एरवी ती अंगणात ताडपत्रीखाली पडून असते. नागपुरात ट्रेलरला होडीइतकेच महत्त्व आहे, कारण इथला कुठलाही एक तलाव बारा महिने शिडाच्या कामाचा नाही.

अंबाझरी तलावाचा बांध १८७० चा. एनसीसीच्या नौदल शाखेचे छात्र तिथे सराव करतात. मात्र जलपर्णी पसरली की सेंटरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात सोडायची उभी फळी) आणि सुकाणू दोन्ही तिच्यात अडकतात. फुटाळा शिडाला अपुरा, गोरेवाड्याचे पाणी पिण्याचे, आणि तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात. मोकळे पाणी हवे तर रामटेकजवळचा खिंडसी तलाव बरा. तो शहरापासून सुमारे ५० किमीवर आहे. तलाव ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

एनसीसीत वापरली जाणारी एंटरप्राइज ही दोघांची होडी जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखली. लांबी ४.०४ मी., दोन शिडे, आणि शिडांचा निळा रंग ही तिची जुनी ओळख. लेझर एकट्याची : सुमारे ४.२ मी. लांब, सांगाडा ५९ किलोचा, शीड एकच. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. लेझरची डोलकाठी दोन तुकड्यांची असते, ती भोकात नुसती रोवायची. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारांची भानगडच नाही. नागपूरच्या तलावांवर एकट्यादुकट्याला हीच सोयीची. शिकायला मात्र एंटरप्राइज चांगली, कारण दुसरा माणूस सोबत असतो.

जोडणीची सुरुवात वर बघून करायची. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करताना, किंवा ती उभी ठेवून ट्रेलर ढकलताना, विजेच्या तारेला लागली तर जीव जातो. वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री झाली की एंटरप्राइजच्या डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या ताणाच्या तारा कड्यांत अडकवतात, एकजण डोलकाठी उचलून धरतो, दुसरा पुढची तार नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांधतो. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) आवळून पिनांवर चिकटपट्टी गुंडाळतात. उघडी पिन शीड फाडते. मग बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, बसतो. होडीचे तोंड वाऱ्याकडे करूनच शीड चढवायचे, नाहीतर वारा भरून होडी ट्रेलरवरच आडवी होते. तळाचे बूच बसवले का, हे पाण्यात ढकलण्याआधी हाताने चाचपून बघावे.

ही जोडणी रस्त्यावरून आल्या आल्या करण्यामागे आणखी एक कारण आहे. लांब पळून आलेल्या ट्रेलरचे हब (चाकांचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग असते) तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले तर आतली हवा एकदम आकसते, सीलमधून पाणी ओढले जाते आणि बेअरिंग गंजते. डोलकाठी उभी होईस्तोवर चाके निवतात.

पाण्यावर आल्यावर सेंटरबोर्ड खाली सोडतात. तो होडीला आडवे सरकू देत नाही, म्हणून ती वाऱ्याच्या तिरकस समोर चढू शकते. वाऱ्याच्या दिशेच्या साधारण ४५ अंशांच्या आत मात्र कुठलेच शीड चालत नाही, तिथे नागमोडी जावे लागते. वाऱ्याचा झोत आला की शीटला, म्हणजे शीड आवरायच्या दोरीला, ढील द्यायची, संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या नागपूरकराच्या हाताला ती सवय असतेच. होडी उलटली तर सोडून पोहत निघू नये. शीट मोकळी करायची, होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवायचे, सेंटरबोर्डवर उभे राहून कडेला लोंबकळायचे. ती सावकाश सरळ होते. लाइफ जॅकेट काठावरच चढवलेले असावे.

हिवाळ्यात वारा बेताचा, त्यामुळे सकाळी शिकाऊ माणसाचे निभते. मार्च ते मे दुपारी पश्चिम-वायव्येचा वारा जोर धरतो. पण ऊन ४५ अंशांकडे जाते, बूमला हात लावता येत नाही आणि पाणी उतरून काठावर चिखल होतो. खरी भीती मे-जूनच्या अंधडाची. पश्चिमेला काळे भरून आले की शीड उतरवून काठ गाठायचा, कारण उघड्या तलावात वीज पडायला सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठी असते. पावसाळ्यातला वारा भरपूर असतो, पण सांडवा वाहत असताना त्याच्या बाजूला फिरकू नये.

गोड्या पाण्यामुळे मिठाचा गंज नागपूरच्या होडीला लागत नाही. तिचे वैरी ऊन. शीड वाळवून, गुंडाळून सावलीत ठेवले तर बरीच वर्षे टिकते. ट्रेलरच्या चाकांत आणि सुकाणूत अडकलेली जलपर्णी त्याच काठावर काढून टाकावी. तिच्या एका तुकड्यातून नवे रोप फुटते, आणि पुढच्या रविवारी ट्रेलर दुसऱ्याच तलावावर जाणार असतो.