ब्रिटनमध्ये वीज-गॅसची कंपनी बदलताना एक्झिट फी भरावी का?

पुण्यात असताना महावितरण सोडून जायचा विचार कधी मनात आला नाही. जाणार कुठे? मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर की अदानी एवढी तरी निवड असते. ब्रिटनमध्ये मात्र वीज आणि गॅस कोणाकडून घ्यायचा हा प्रश्न वर्षा-दीड वर्षाने दारात उभाच असतो. आपण ठरावीक मुदतीसाठी न बदलणारा 'फिक्स' दर घेतो, काही महिन्यांत शेजाऱ्याला त्याहून स्वस्त मिळतो, आणि करार उघडून बघावा तर मुदतीआधी सोडल्यास एक्झिट फी लिहिलेली असते. तीही बहुतेक वेळा विजेची वेगळी आणि गॅसची वेगळी. '50 पौंड' वाचून दोन्ही जोडण्या हलवल्या की 100 जातात.

आधी बिलावर आपल्या टॅरिफचं, म्हणजे दरयोजनेचं, नाव बघा. तुम्ही स्टँडर्ड व्हेरिएबलवर, म्हणजे मुदत नसलेल्या, बदलत्या दरावर असाल तर एक्झिट फी नसतेच, कधीही निघा. या टॅरिफला ऑफजेम या वीज-गॅस नियामकाची प्राइस कॅप, म्हणजे दराची कमाल मर्यादा, लागू असते. जानेवारी 2019 मध्ये आलेली ही कॅप आता दर तीन महिन्यांनी बदलते. ती युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नाही. 'कॅप आहे ना, मग बिल त्याच्यावर जाणार नाही' असं समजून दिवसभर हीटिंग चालू ठेवणारे आपल्यातही कमी नाहीत.

फिक्सवर असाल तर कराराची शेवटची तारीख शोधा आणि तिच्या मागे 49 दिवस मोजा. या शेवटच्या 49 दिवसांत कंपनी बदलली तर एक्झिट फी लावता येत नाही, असा नियम आहे. मुदत संपत आल्याचं पत्र किंवा ईमेल कंपनी याच सुमारास, 42 ते 49 दिवस आधी पाठवते. जाहिरात समजून आपण ते उडवतो.

आता हिशेब. लोक डायरेक्ट डेबिटचे आकडे शेजारी-शेजारी ठेवतात आणि फसतात. दरमहा कापली जाणारी रक्कम हा कंपनीचा वर्षभराचा अंदाज असतो; तो कमी दिसला म्हणून दर कमी असतो असं नाही. तुलना करायची ती तीन गोष्टींची: विजेचा युनिट दर, गॅसचा युनिट दर आणि दोन्हींचा स्थिर आकार.

आमच्यासारख्या तीन बेडरूमच्या घराचं उदाहरण घेऊ. वर्षाला वीज 3,000 युनिट, गॅस 12,000 युनिट (दोन्हीकडे युनिट म्हणजे किलोवॅट-तास). करार 31 मार्चला संपतो आणि आज 1 सप्टेंबर आहे. नवा दर विजेला 2 पेन्सने आणि गॅसला 0.8 पेन्सने स्वस्त आहे, पण स्थिर आकार दोन्ही मिळून रोज 5 पेन्स जास्त. एक्झिट फी एकूण 100 पौंड.

सरळ सात महिने धरले तर विजेत 35 आणि गॅसमध्ये 56, म्हणजे 91 पौंड वाचतात. फीपेक्षा कमी, विषय संपला. पण गॅस काही बारा महिने सारखा जळत नाही. जुलैत फक्त अंघोळीच्या पाण्यापुरता आणि जानेवारीत रेडिएटर थंडच होत नाहीत. सप्टेंबर ते मार्च या काळात आमच्याकडे वर्षाचा जवळपास 80 टक्के गॅस संपतो. त्या हिशेबाने गॅसमधली बचत सुमारे 77 पौंड आणि एकूण 112. आता बदललेलं बरं वाटतं. त्यातून 212 दिवसांचा वाढीव स्थिर आकार, म्हणजे 10 पौंड 60 पेन्स वजा केला आणि 100 पौंड फी भरली, की हातात राहतो पौंड-सव्वा पौंड!

आणि खरी गोम अजून पुढेच आहे. आहे त्याच कंपनीकडे राहिलो तरी 31 मार्चपर्यंत थांबायची गरज नाही, 10 फेब्रुवारीपासून फुकट निघता येतं. म्हणून बचत तेवढ्याच दिवसांची मोजायची. तोवर गॅस साधारण 60 टक्केच झालेला असतो. विजेचे 27 आणि गॅसचे 58 धरून 85 पौंड वाचतात, त्यातून आठेक पौंड स्थिर आकार जातो. म्हणजे फी भरून सरळ नुकसान. एक खोट एवढीच की फेब्रुवारीत बाजारात काय दर असतील ते आज कळत नाही. दर चढतील अशी धास्ती असेल आणि नवा फिक्स लांब मुदतीचा असेल, तर वीसेक पौंडांचा तोटा विम्याच्या हप्त्यासारखा समजून निघायलाही हरकत नाही. मी मात्र थांबलो असतो.

तुमच्या घरात स्मार्ट मीटर नसेल तर आकडे मीटरवरून काढता येतात. गॅसचं नवं मीटर घनमीटर दाखवतं. एका घनमीटरला साधारण 11 युनिट धरा. फी भरण्याआधी एक फोनही करून बघा. काही कंपन्या स्वतःच्याच दुसऱ्या, स्वस्त टॅरिफवर जाताना एक्झिट फी सोडून देतात. विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही.

बदल कोणाला करता येतो? ज्याच्या नावावर बिल येतं त्याला. भाडेकरू असलात आणि कंपनीला पैसे तुम्हीच भरत असाल तर निवड तुमची. घरमालकाला कळवून ठेवलेलं बरं, एवढंच. वीज-गॅस भाड्यातच धरलेला असेल तर हा निर्णय मालकाचा. जुनी बाकी 28 दिवसांपेक्षा जास्त थकली असेल तर चालू कंपनी तुम्हाला अडवू शकते. आधी पैसे भरून चालणाऱ्या प्रीपेमेंट मीटरवाल्यांना मात्र प्रत्येक इंधनामागे 500 पौंडांपर्यंतची थकबाकी सोबत घेऊनही जाता येतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर इथे झेरॉक्स, नोटरी, भाडेकरार, पासपोर्ट यांतलं काहीच लागत नाही. पोस्टकोड, चालू टॅरिफचं नाव, वर्षाचा वापर आणि डायरेक्ट डेबिटसाठी खाते क्रमांक व सॉर्ट कोड (बँक शाखेचा कोड) एवढं पुरतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर विजेचा एमपॅन आणि गॅसचा एमपीआरएन हे जोडणीचे क्रमांक बिलावरून ताडून घ्या, नाहीतर शेजारच्या फ्लॅटचं मीटर हलवून मोकळे व्हाल.

अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. जुन्या कंपनीला तीच कळवते. जुलै 2022 पासून हा बदल पाच कामकाजाच्या दिवसांत होतो. पाइप, वायर, मीटर तेच राहतं आणि पुरवठा क्षणभरही बंद होत नाही. विचार बदलला तर करार केल्यापासून 14 दिवसांत रद्द करता येतो. बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचे तारखेसह फोटो काढा. मी एकदा हा आळस केला, अंदाजे रीडिंगवर शेवटचं बिल आलं आणि ते दुरुस्त व्हायला दोन महिने ईमेल लिहीत बसलो.

जुनं डायरेक्ट डेबिट घाईने बंद करू नका. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि एक्झिट फी त्यातच दिसते. खात्यात आपले पैसे शिल्लक असतील तर त्या बिलानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. शेवटच्या 49 दिवसांत निघूनही फी लावलेली दिसली तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारकाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं. बेलफास्टकडे, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, असाल तर तिथला नियामक वेगळा आहे आणि नियमही तिथलेच बघावे लागतील.