कॅलिफोर्नियात एलव्हीएन व्हायचं की सायक टेक? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि वर्ष-दीड वर्षात रुग्णसेवेच्या कामाला लागू पाहणाऱ्या मराठी मंडळींसमोर रजिस्टर्ड नर्सच्या (आरएनच्या) खालोखाल दोन परवाने असतात. एक लायसन्स्ड व्होकेशनल नर्सचा, म्हणजे एलव्हीएनचा. दुसरा सायकियाट्रिक टेक्निशियनचा, ज्याला तिथे सगळे सायक टेक म्हणतात. दोन्ही परवाने सॅक्रामेंटोतलं एकच बोर्ड देतं : बोर्ड ऑफ व्होकेशनल नर्सिंग अँड सायकियाट्रिक टेक्निशियन्स. शिक्षणही दोन्हीकडे किमान १,५३० तासांचं, त्यात ५७६ तास थिअरी आणि ९५४ तास क्लिनिकल. म्हणून अनेकांना दोन्ही सारखेच वाटतात आणि ज्या कॉलेजात आधी जागा मिळेल तो कोर्स घेतला जातो. असं करू नका.

कामातला फरक आधी बघा. एलव्हीएन नर्सिंग होममध्ये, दवाखान्यात, डायलिसिस केंद्रात, घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेत काम करते. औषधं देणं, इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, रुग्णाच्या तब्येतीची नोंद ठेवून ती आरएन किंवा डॉक्टरला कळवणं, असं ते काम असतं. नसेतून सलाइन सुरू करायला बोर्डाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. सायक टेक मानसिक आजार असलेल्या आणि विकासात्मक अपंगत्व असलेल्या माणसांसोबत काम करतो. तोही औषधं आणि इंजेक्शनं देतो, पण दिवसाचा मोठा भाग माणसाशी बोलण्यात, त्याचं वागणं टिपण्यात, भडकलेला प्रसंग शांत करण्यात आणि रोजचे व्यवहार पुन्हा शिकवण्यात जातो. सर्वात मोठा मालक राज्य सरकार : नापा, अटास्काडेरो, पॅटन, कोअलिंगा आणि नॉरवॉकचं मेट्रोपॉलिटन ही पाच राज्य रुग्णालयं, शिवाय तुरुंग.

आपल्याकडे ठाणे किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तरी घरच्यांचे चेहरे बदलतात. तो संकोच घेऊन या निर्णयाकडे बघू नका. हे प्रशिक्षित, परवानाधारक, मानाचं काम आहे आणि संयम असलेल्या माणसाच्या हातून ते फार चांगलं होतं. मात्र राज्य रुग्णालयांत न्यायालयाने पाठवलेले रुग्ण मोठ्या संख्येने असतात आणि अंगावर धावून येण्याचे प्रसंग घडतात, हेही घरी बसूनच नीट बोलून घ्या.

आता परवाना कुठे चालतो ते. एलव्हीएन हे नाव कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये आहे, बाकी राज्यांत त्यालाच एलपीएन म्हणतात. परीक्षा सगळीकडे एकच, एनक्लेक्स-पीएन. त्यामुळे नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी उद्या न्यू जर्सीला गेली, तर तिथे अर्ज करून परवाना घेता येतो. सायक टेकचा परवाना देणारी राज्यं मोजकीच आहेत : कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कॅन्सस आणि आर्कान्सा. इतरत्र याच नावाने मिळणारी नोकरी बहुधा बिनपरवान्याच्या मदतनिसाची असते आणि पगारही तसाच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या घरांत शहर बदलण्याची शक्यता कायम असते. अशा घरांना मी एलव्हीएनच सुचवेन. कॅलिफोर्नियात पाय रोवलेले असतील आणि मनाच्या आजारांत खरी ओढ असेल, तर सायक टेक निवडायला कचरू नका.

पुढे आरएन व्हायचं असेल तरी एलव्हीएनची वाट रुळलेली आहे. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजांत, एलव्हीएन ते आरएन असे ब्रिज कोर्स असतात. कॅलिफोर्नियात तीस युनिटचा एक छोटा मार्गही आहे, पण त्या मार्गाने आरएन झालेल्यांना बरीच राज्यं स्वीकारत नाहीत. सायक टेकला आरएन अभ्यासक्रमात किती सूट मिळेल ते कॉलेजागणिक बदलतं.

आणि महाराष्ट्रातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आला असाल, तर या दोन्हींत पडण्याआधी बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगकडे थेट आरएनसाठी अर्ज करता येतो का ते तपासा. झालेलं शिक्षण खालच्या पायरीवर का मोडायचं?

पात्रता साधी आहे. एलव्हीएनला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, सायक टेकला १८. बारावी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण दोन्हींना लागतं. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण ईएडी (नोकरी करण्याची परवानगी) नसेल तर पगाराची नोकरी करता येत नाही, म्हणून फी भरण्याआधी हा हिशेब करा. कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त वास्तव्य सिद्ध झालं की कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर पडते. खासगी शाळांचा खर्च याच्या कित्येक पट असतो. कोणतीही शाळा असो, तिला बोर्डाची मान्यता आहे का ते बोर्डाच्या यादीतच बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

कागदपत्रांत आपली माणसं अडकतात ती नावापाशी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर वेगळंच आडनाव. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही, तर आत सोडत नाहीत. म्हणून विवाह प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, हे सगळं आधीच जमवा आणि पहिल्या अर्जापासून पासपोर्टवरचंच नाव लिहा. भारतातल्या बारावीचं मूल्यमापन बोर्डाला मान्य असलेल्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. काही संस्था गुणपत्रक थेट शाळेकडून किंवा शिक्षण मंडळाकडून सीलबंद लिफाफ्यात मागतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा कोर्सला प्रवेश घेतानाच गावाकडच्या कुणाला तरी या कामाला लावा.

कोर्स संपल्यावर ब्रीझ या ऑनलाइन यंत्रणेत खातं उघडून अर्ज करायचा. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (करदात्याचा क्रमांक) लागतो. बोटांचे ठसे राज्यातल्या राज्यात लाइव्ह स्कॅनने, म्हणजे यंत्रावर बोटं ठेवून, देता येतात. शिक्षण पूर्ण झाल्याची नोंद शाळा थेट बोर्डाकडे पाठवते. एलव्हीएनला यासोबत परीक्षा घेणाऱ्या पिअरसन व्ह्यू या कंपनीकडे एनक्लेक्सची वेगळी नोंदणी करावी लागते, तिची फी २०० डॉलर. परीक्षेत ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तासांचा वेळ असतो. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. सायक टेकची परीक्षा कॅलिफोर्नियाची स्वतःची आहे. पास झाल्यावर परवान्याची फी वेगळी भरावी लागते. त्यानंतर दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी ३० तासांचं पुढील शिक्षण, हे दोघांनाही आहे.

राज्य रुग्णालयात नोकरी हवी असलेल्या सायक टेकला परवान्याखेरीज कॅलकरिअर्स या सरकारी संकेतस्थळावरची निवड परीक्षाही द्यावी लागते. ती बोर्डाच्या परीक्षेहून वेगळी आहे.