एपीच्या आधीही क्रमवारी होतीच

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेटवाला) एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: संघांची क्रमवारी लावण्याची पद्धत असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने १९३६ मध्ये सुरू केली. हे अर्धसत्य आहे. त्या वर्षी सुरू झाली ती एपीची पत्रकारांच्या मतांवर चालणारी, दर आठवड्याची यादी.

त्याच्या दहा वर्षे आधी, १९२६ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गणिती क्रमवारी काढली होती. बलाढ्य संघाला हरवलं की जास्त गुण, दुबळ्याला हरवलं की कमी. पहिला मान स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाला मिळाला. मग नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांनी गळ घातली आणि हिशेब १९२४ पर्यंत मागे नेला गेला. तेव्हा अजिंक्य कोण ठरलं? अर्थातच नोत्र दाम!

एपीचे क्रीडा संपादक अॅलन गूल्ड यांनी १९३५ मध्ये मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट अशा तिघांना संयुक्त विजेते ठरवलं आणि मिनेसोटाचे चाहते खवळले. पुढच्या वर्षी मतदान आलं, आणि त्यात पहिला आला मिनेसोटाच.

१८६९ चे ‘राष्ट्रीय विजेते’ म्हणून प्रिन्स्टनचं नाव दिसतं, तेही जपूनच वाचावं. त्या मोसमात प्रिन्स्टन आणि रटगर्स एकमेकांशी दोनच सामने खेळले, दोघांनी एकेक जिंकला. फुटबॉलचे इतिहासकार पार्क डेव्हिस यांनी तर तो किताब कितीतरी दशकांनंतर, १९३० च्या दशकात, प्रिन्स्टन आणि रटगर्स अशा दोघांना मिळून दिला.