पाच सेकंदांत पट दिसतो कसा?

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत, हरवून. अशा विजयानंतर घरोघरी बुद्धिबळाचं घड्याळ बाहेर निघतं आणि हमखास एक सल्ला मिळतो: ‘रोज भरपूर ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळ, हात आपोआप बसेल.’ हात बसतो हे खरं. कशावर बसतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी हिशेब. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत प्रत्येकाला ३ मिनिटं मिळतात आणि दर खेळीला २ सेकंदांची भर पडते. डाव ६० खेळ्या चालला तर एकूण ३०० सेकंद, म्हणजे खेळीमागे ५. एवढ्यात ‘मी इथे, तो तिथे, मग मी…’ असं किती मोजणार?

गंमत म्हणजे विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३च्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगात नेमके ५ सेकंदच दिले होते. (सायमन म्हणजे ज्यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच.) खऱ्या डावातली स्थिती ५ सेकंद दाखवायची, झाकायची आणि रिकाम्या पटावर ती पुन्हा मांडायला सांगायची. पटावर पंचविसेक मोहरे. मास्टरने एका नजरेत सुमारे १६ बरोबर लावले, मधल्या दर्जाच्या खेळाडूने ८, नवशिक्याने ४. मग तेवढेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले आणि मास्टरही तीन-चारावर आला. (पुढच्या अभ्यासांत त्याला तिथेही सरशी मिळाली, पण किंचितच.)

म्हणजे त्याची स्मरणशक्ती कॅमेऱ्यासारखी नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि एफ३ या घरातला घोडा या नवशिक्याला सहा वस्तू दिसतात, मास्टरला एक गठ्ठा. आपण ‘महाराष्ट्र’ हा शब्द अक्षरं जुळवत वाचत नाही, तसंच हे. असे हजारो गठ्ठे डोक्यात साठलेले असतात आणि बऱ्याच गठ्ठ्यांना एखादी खेळी चिकटलेली असते. आड्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाला १९४०च्या दशकातच दिसलं होतं की दिग्गज खेळाडू चांगल्या हौशी खेळाडूंपेक्षा फार खोलवर मोजत नाहीत; त्यांना चांगली खेळी आधी सुचते. तेव्हा ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावणाऱ्या आणि मुलाची बुद्धी चौपट करून देणाऱ्या शिबिरांना पैसे देण्याआधी जरा थांबा. पट्टीच्या वेळी नाकाशेजारची फट तेवढी बघा.

या यंत्रणेची दुसरी बाजू मला जास्त आवडते. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८मध्ये ती उघडी पाडली. त्यांनी तगड्या खेळाडूंना एक स्थिती दिली आणि सांगितलं, सर्वांत लवकर मात होईल असा मार्ग शोधा. स्थितीत एक ओळखीची मात होती: वजिराचा शह, मग घोडा नाचवून दुहेरी शह, मग वजीर जी८वर जाऊन बळी, हत्तीने तो मारला की आपल्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला एफ७वरून घोड्याची मात. पाच खेळ्या. पण तीन खेळ्यांतही मात होती: पहिल्या शहानंतर वजीर सरळ एच६वर. जी७चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण लांबच्या तिरप्या रेषेवरच्या पांढऱ्या उंटाने ते जखडलेलं; हललं तर मागचा राजा उघडा पडतो. अनेकांना ती दिसलीच नाही. ‘आम्ही आणखी लवकरची मात शोधतोय’ असं ते म्हणत होते, आणि नजर टिपणारा कॅमेरा सांगत होता की डोळे घोड्याच्या मातेच्याच घरांवर फिरताहेत. काळा उंट हलवून एफ७ राखलं, म्हणजे घोड्याची मात अशक्य केली, की तशाच खेळाडूंना तीन खेळ्यांची मात सापडत होती. याला आइनश्टेलुंग परिणाम म्हणतात. तिथे घाई नव्हती. ब्लिट्झमध्ये तर पहिली ओळखीची खेळी तपासायलाही सवड नसते.

आता ‘भरपूर ब्लिट्झ’चा घोटाळा लक्षात येईल. डाव आपल्याला निकाल सांगतो, चूक सांगत नाही. वजीर फुकट घालवूनही समोरच्याचं घड्याळ संपलं की आपण जिंकतो, वर रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडाही वाढतो. चुकीचा गठ्ठा अशाने जास्तच घट्ट होतो.

मग डाव तपासायचा कसा? डाव संपताच स्टॉकफिश, म्हणजे खेळ्या जोखणारा संगणक प्रोग्रॅम, लावू नये. त्याच्या आकड्यात आपली आघाडी अधिक ०.६ची अधिक ०.२ झाली, यातून नजरेचा दोष कळत नाही. आधी प्रत्येक खेळीला किती सेकंद लागले ते बघावं. लीचेससारख्या साइटवर ते डावासोबतच साठवलेलं असतं. एका सेकंदात केलेली घोडचूक आणि वीस सेकंद घेऊन केलेली घोडचूक हे दोन वेगळे रोग आहेत.

समजा, उंट एच७वर बळी दिला, घोड्याने जी५वरून शह दिला, काळा राजा जी८वर परतला, वजीर एच५वर आणला आणि काळ्याने शांतपणे उंट एफ५वर आणून एच७ राखलं, म्हणजे तिथली वजिराची मात टळली. बळी एका सेकंदात दिला असेल, तर गठ्ठा ओळखला पण त्यातला एक मोहरा वेगळा आहे हे नजरेतून सुटलं. यावर उपाय म्हणजे अशा जोड्या गोळा करणं: बळी चालतो ती स्थिती आणि जवळजवळ तशीच, पण न चालणारी. ही मिसळ एक दिवसाने, मग चार दिवसांनी, मग काही आठवड्यांनी पुन्हा सोडवायची. अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे एबिंगहाउसने १८८५मध्येच दाखवलंय. नेहमीची कोडी इथे अपुरी पडतात, कारण कोडं समोर आलं की काहीतरी दडलंय हे आधीच माहीत असतं. वीस सेकंदांची चूक झाली, तर तिथे बहुधा गठ्ठाच नसतो. त्याला घड्याळ बाजूला ठेवून हत्ती-प्यादी एवढेच उरतात ते डावाचे शेवट शिकणं, एवढंच औषध.

हे संथ काम ब्लिट्झमध्ये उपयोगी पडतं का? ब्रूस बर्न्स यांच्या २००४च्या अभ्यासात, नेहमीच्या ५ टक्क्यांहूनही कमी वेळात खेळाडू कसे खेळतात, यावरून त्यांच्या रेटिंगमधल्या फरकापैकी ८१ टक्क्यांपर्यंत उलगडा होत होता. झटपट आणि सावकाश खेळाचा साठा बराचसा एकच, असा त्याचा अर्थ. तो भरायला लागणारा वेळ मात्र माणसागणिक फार वेगळा. गोबे आणि कॅम्पिटेली यांनी अर्जेंटिनात पाहिलं, तर मास्टर व्हायला एकाला सुमारे ३,००० तास पुरले, दुसऱ्याला २३,००० लागले.

असा सराव सुरू केल्यावर काही दिवस रेटिंग उतरलं तर नवल नाही. जुनी खेळी हाताशी येते, तिला अडवण्यात दोन-तीन सेकंद जातात, आणि तीन मिनिटांच्या डावात तेवढ्यानेही हार होते. त्या काळात मी तरी दहा मिनिटांचे डाव खेळेन.