घुबड टाईप झालं, आता भाकरी कुठे ठेवायची?

इजिप्तची चित्रलिपी कॉम्प्युटरवर आणायची म्हणजे काय, चित्रं काढा नि फॉन्टमध्ये टाका, झालं, असं मलाही वाटायचं. तेवढं काम झालंही. ॲलन गार्डिनर या इंग्रज अभ्यासकाने १९२७ च्या व्याकरणात चिन्हांची यादीच लावून ठेवलेली, पुरुष ए मध्ये, पक्षी जी मध्ये, घुबड म्हणजे जी १७, उच्चार म. मुख्यतः त्याच यादीवरून २००९ साली युनिकोड या जगभरच्या कॉम्प्युटरांच्या सामायिक अक्षरयादीच्या ५.२ आवृत्तीत १०७१ चिन्हं आली, प्रत्येकाला आपापला नंबर.

खरी गोची पुढे आहे, कारण ही लिपी एका ओळीत शहाण्यासारखी बसत नाही. तिथल्या लेखनिकांना मोकळी जागा बघवतच नसे, छोटी चिन्हं एकावर एक रचून चौकोन भरायचे. ही लिपी उलगडायला कामी आलेल्या रोझेटा शिळेवर टॉलेमी राजाचं नाव बघा: लांबट कड्यात आधी प चा छोटा चौकोन, त्याच्याखाली ट ची भाकरी, मग दोरीचा फास, मग ऐसपैस बसलेला सिंह म्हणजे ल आणि त्या सिंहाच्या पोटाखाली म. हे नुसतं ओळीने टाईप केलं तर वाचता येईल, पण दिसेल ते वाण्याच्या यादीसारखं.

१९८० च्या दशकात अभ्यासकांनी यावर एक सांकेतिक पद्धत काढली, चिन्हांसाठी रोमन अक्षरं नि आकडे टाईप करायचे, कोलन म्हणजे खाली, स्टार म्हणजे शेजारी. पण ती खास सॉफ्टवेअरलाच कळायची, बाकी ठिकाणी पेस्ट केलं की नुसती रोमन अक्षरं. मग २०१९ मध्ये युनिकोडनेच ९ कंट्रोल चिन्हं दिली, हे त्याच्या खाली, हे याच्या शेजारी, हे पक्ष्याच्या कोपऱ्यात वगैरे.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपण क्ष टाईप करतो तेव्हा आत क, हलन्त, ष असंच साठवलेलं असतं, जोडायचं काम फॉन्टचं, आणि फॉन्ट गंडला की पाय मोडका क बाजूला उभा. चित्रलिपीतही तेच, फॉन्टला जमलं नाही की भाकरी चौकोनाखालून निघून शेजारी येऊन बसते.

२०२४ मध्ये आणखी ३९९५ चिन्हं आली. पण मला जास्त आवडली ती २०२२ ची भर: चिन्ह आरशातल्यासारखं उलटं करायचा कोड, पूर्ण नाहीशा झालेल्या चिन्हाचा कोड आणि दगड झिजला असेल तर चिन्हाचा नेमका कुठला कोपरा गेलाय हे सांगायचा कोडसुद्धा.